कधीच न लागणारा दिवा

“तराफा रद्द,” शंका म्हणाली आणि दोरीचं भेंडोळं तिनं ढब्बूच्या मांडीवर टाकलं. “खिळा येत नाहीये.”

सुट्टी लागायच्या कितीतरी आधी तिघांचा बेत ठरला होता. रिकामे डबे, दोरी, एक जुनं दार, आणि तळ्यातून सरळ पलीकडे. खाऊची जबाबदारी ढब्बूनं आपणहून घेतली होती, म्हणजे तो खाऊ पलीकडे पोहोचणार नव्हता हे उघडच होतं. शंका दर सुट्टीत मामाकडे यायची. कुणी काही सांगितलं की “पण का?” विचारल्याशिवाय तिला घास गिळवत नसे, म्हणून तिचं नाव शंका. आणि खिळा म्हणजे हाडं आणि वर केस, एवढंच.

गंमतजंमत वाचायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवलेलं बरं. या गोष्टीच्या सुरुवातीलाच एक माणूस गेलेलं आहे, आणि ते शेवटपर्यंत परत येणार नाही.

ग्रंथालयातल्या बाई गेल्या होत्या. मुलांना जमिनीवर पालथं पडून वाचू देणाऱ्या, पुस्तकावर तेलकट बोट उमटलं की न विचारता ढब्बूकडेच बघणाऱ्या बाई. एका संध्याकाळी त्यांना धाप लागली. रुग्णवाहिका केंद्रातली जुनी गाडी त्यांना घेऊन घाटापलीकडच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघाली. गाडी खिळ्याचे बाबा चालवत होते. ऐन घाटात ती बंद पडली ती पडलीच. श्वास देणारं यंत्र गाडीच्याच विजेवर चालायचं, तेही थांबलं. दुसरी गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

कारण दुसऱ्याच दिवशी सापडलं. मोठ्या माणसांना कारण फार लवकर सापडतं. केंद्राचा प्रमुख होता शंकाचा मामा. त्यानं सांगितलं की बॅटरी पार उतरली होती, म्हणजे आदल्या रात्री ड्रायव्हर गाडीच्या मागच्या खोलीतला दिवा बंद करायला विसरला. झालं. खिळ्याच्या बाबांना घरी बसवलं. आता वरच्या कार्यालयातून एक बाई चौकशीला येणार होत्या.

शंका आणि ढब्बू खिळ्याकडे गेले, तेव्हा त्याचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. भरदुपारी घरातला एकही दिवा लागलेला नव्हता. तरी त्यांनी बटणावर बोट ठेवलं, बटण वर-खाली करून पाहिलं, दोन पावलं गेले आणि परत येऊन पुन्हा तेच केलं. दोघांना पाहून ते हसले, पण ते हसू तोंडापुरतंच होतं.

खिळा त्यांना घेऊन जिन्यात आला. बाबा दिवसभर हेच करतात, तो म्हणाला. रात्रीसुद्धा उठून उठून बघतात. आई नुसती त्यांच्या मागून फिरते.

“विसरले होते का रे खरंच?” ढब्बूनं हळूच विचारलं.

“त्यांना आठवतच नाही. रोज बंद करतात. पण त्या दिवशी केला होता का, हे आठवत नाही. तू काल दात घासलेस, ते आठवतंय का तुला?”

“काल घासलेच नव्हते,” ढब्बू म्हणाला. एरवी खिळा हसला असता. आता तो जिन्याच्या कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिला.

“चौकशीत ते ‘हो, माझीच चूक’ म्हणणार आहेत,” तो शेवटी म्हणाला. “नोकरी जाईल ते जाऊ दे. पण एकदा हो म्हटलं की ते जन्मभर तेच धरून बसतील. मी ओळखतो त्यांना.”

शंकाच्या डोक्यात केव्हाचं काहीतरी शिजत होतं.  मागे मामाच्या मोटारीचा दिवा रात्रभर चालू राहिला होता, तेव्हा काय झालं हे तिनं सांगितलं. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. गाडी जागची हललीच नाही. शेजाऱ्यांनी ढकलून सुरू केली, मामा तासभर फिरवून आला आणि संध्याकाळी ती एका किल्लीत सुरू झाली.

“दिवा राहिला तर गाडी निघतानाच अडते. एकदा निघाली की चालता चालता बॅटरी भरत जाते. मग ही गाडी इथून नीट निघाली, आणि चालता चालता कशी मेली?”

“नीट निघाली होती कशावरून?” ढब्बू म्हणाला.

हे सांगू शकणारा एकच माणूस होता. खिळ्याच्या बाबांचं आता कुणी खरं मानत नव्हतं. पण त्या गाडीत बाईंच्या उशाशी त्यांचे यजमान बसले होते. मुलं त्यांना आजोबा म्हणायची.

त्यांच्या दारात जाऊन घंटा वाजवायची कोणी, यावरून बराच वेळ खाणाखुणा झाल्या. अखेर खिळ्यानंच वाजवली. आजोबांनी दार उघडलं आणि समोर ड्रायव्हरचा मुलगा पाहून ते क्षणभर तसेच उभे राहिले. खिळ्याला वाटलं, आता हे दार तोंडावर आपटणार. त्यांनी ते उघडंच ठेवलं आणि आत जाऊन बसले. मेजावर बाईंचा चष्मा होता, काचा पुसून ठेवलेला.

शंकानं कसंबसं विचारलं. आजोबा खिडकीकडे बघत सावकाश बोलले. गाडी एका किल्लीत सुरू झाली, दणक्यात सुरू झाली. घाट लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पुढच्या दिव्यांचा उजेड पिवळा पडत गेला, पिवळ्याचा तांबूस झाला. पंखा मंदावला. यंत्राचा आवाज खाली खाली येत गेला. ड्रायव्हरनं आतले सगळे दिवे बंद केले, पंखा बंद केला, हिला एवढं यंत्र पुरू दे म्हणून. मग इंजिनही थांबलं.

“तुझे बाबा अंधारात तिच्या तोंडावरची श्वास देणारी हवेची पिशवी हातानं दाबत होते,” ते खिळ्याला म्हणाले. “दुसरी गाडी येईपर्यंत दाबतच होते. हे त्यांनी सांगितलंय का तुला?”

खिळ्यानं मान हलवली. नाही सांगितलं. बाहेर आल्यावर तो कोपऱ्यापर्यंत नीट चालला आणि मग भिंतीकडे तोंड करून रडला. दोघं शेजारी उभे राहिले. ढब्बूनं खिशातलं चॉकलेट काढून त्याच्या हातात दिलं, आणि ढब्बूला ओळखणाऱ्यांना कळेल की ही काही लहान गोष्ट नव्हती.

ढब्बूची ताई तंत्रशाळेत वीजकाम शिकत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग गाडीची वीज म्हणजे काय ते तिनं सांगितलं. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. आणि इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा अल्टरनेटर म्हणजे टाकी भरणारा पंप. इंजिन चालू असेपर्यंत पंपानं टाकी भरत राहायची. पंप बंद असला तर गाडी टाकीतल्या पाण्यावर चालते, आणि टाकी संपली की संपली. त्या गाडीत इंजिनाला तेल सोडणारी कळही विजेवरच चालते, म्हणून इंजिनही मेलं.

“मग हे कुणाला आधी कळलं कसं नाही?” शंकानं विचारलं.

याचं उत्तर खिळ्याकडे होतं. केंद्रात एक जुनी रीत होती. सामानाच्या खोलीत चार्जर होता आणि त्यावर जादा बॅटऱ्या कायम भरत ठेवलेल्या असत. गाडी जरा कुरकुरली की उतरलेली बॅटरी काढायची, भरलेली बसवायची आणि कामाला लागायचं. बॅटरी का उतरली, हे विचारायची रीत नव्हती. जुनी गाडी एरवी गावातल्या गावातच फिरायची, तेवढ्याला भरलेली बॅटरी पुरून उरायची. हल्लीच्या बॅटऱ्यांत दम नाही, असं सगळे म्हणायचे आणि नवी मागवायचे.

“रोग म्हशीला आणि औषध पखालीला,” ताई म्हणाली. तिनं आपला वीज मोजायचा मल्टिमीटर ढब्बूच्या हातात दिला आणि दोनच आकडे पाठ करून घेतले. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. “चालू असताना आकडा वर चढला नाही, तर पंप काम करत नाहीये. आणि फिरत्या पट्ट्याजवळ बोट नेलंत तर तंगड्या तोडीन.”

गाड्या धुवायच्या म्हटल्यावर मामानं मुलांना केंद्रात आनंदानं येऊ दिलं. फुकटात कामं होत असली की तो नेहमीच खूश असायचा. जुनी गाडी कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर आता बदली ड्रायव्हर होता, जांभया देणारा पण भला माणूस. मुलांनी सांगितलं म्हणून त्यानं पुढचं झाकण उघडून दिलं.

इंजिन बंद. लाल तार एका टोकाला, काळी दुसऱ्याला. साडेबारा आणि वर थोडं.

“आता सुरू करा काका,” खिळा म्हणाला.

इंजिन घरघरलं. तिघांची डोकी मीटरवर एकमेकांना आपटली. सव्वाबारा. खिळ्यानं पुढचे दिवे लावायला सांगितले. बारा. आणि मग बघता बघता बाराच्याही खाली. भरलेल्या बॅटरीतलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत आटत होतं.

ते धावत केंद्रात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं गाडीखालून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. अल्टरनेटर त्यानं मागच्याच महिन्यात काढून टेबलावर तपासला होता आणि तो झकास चालत होता. पट्टा घट्ट, तारा शाबूत. मीटर खेळण्यातला असेल, जा, गाड्या धुवा.

म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटरही चांगला, आणि तरी वीज भरत नाही. ढब्बूनं पाण्याची बादली उपडी केली आणि तिच्यावर बसला. “दोघंही चांगले असले की भांडण तिसऱ्यानं लावलेलं असतं,” तो म्हणाला. “आमच्या घरी तरी तसंच असतं.”

तिसरा कोण ते शंकाला दिसलं. ती केंद्रातली दुसरी, नवी गाडी पुसत होती. बदली ड्रायव्हरनं ती गाडी बाजूला घेण्यासाठी किल्ली फिरवली, तशी स्टिअरिंगसमोरच्या पट्टीवरचे चार-पाच रंगीत दिवे एकदम लागले. त्यात एक लाल होता, छोट्या बॅटरीच्या आकाराचा. इंजिन सुरू झालं आणि तो विझला.

ती पळतच जुन्या गाडीत चढली आणि ड्रायव्हरकाकांना इथेही किल्ली फिरवायला लावली. सगळे दिवे लागले. बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला नाही. तो कोपरा काळाच राहिला.

संध्याकाळी ताई स्वतः आली आणि तिनं पट्टीमागे बोटं घालून चाचपलं. त्या लाल दिव्याच्या घरात बल्बच नव्हता. मग तिनं नीट समजावून सांगितलं. हातपंप कोरडा असला की आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे तो पाणी ओढायला लागतो. या जुन्या अल्टरनेटरलाही सुरुवातीला तशीच चिमूटभर वीज द्यावी लागते, आणि ती वीज त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जाते. बल्ब काढला की तांब्याभर पाणी बंद. पंप नुसताच फिरतो. मिस्त्रीच्या टेबलावर त्याला वीज बाहेरून मिळत होती, म्हणून तिथे तो झकास चालला.

“पण बल्ब काढेल कोण? आणि कशाला?” ढब्बू म्हणाला.

कोणी आणि कशाला, हे शंकाला ठाऊक होतं. 

सुट्टीला आली त्याच दिवशी जेवताना मामा मोठ्या फुशारकीनं सांगत होता. दोन महिन्यांपूर्वी गाड्यांची वार्षिक तपासणी होती आणि जुन्या गाडीच्या वेगाच्या काट्यामागचा बल्ब ऐन वेळी गेलेला. सामानात दुसरा नाही. मग मामानं काय केलं? गाडी चालू असताना कधीच लागत नाही असा एक लाल दिवा तिथे होता, त्याचा बल्ब काढून काट्यामागे बसवला. जो दिवा लागतच नाही त्याला बल्ब हवाय कशाला? तपासणी पास! सगळे हसले होते. शंकाही हसली होती.

त्या रात्री तिनं मामाला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं मामा दचकेल, कपाळावर हात मारेल, लगेच खिळ्याच्या बाबांकडे जाईल. मामा ऐकता ऐकता पांढरा पडला, पण बोलला एवढंच, की पोरांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये. मग तो उठून गेला. शंका मामीच्या शेजारी पडून राहिली. हाच मामा तिला खांद्यावर बसवून गावभर फिरवायचा.

सकाळी चौकशी होती. वरच्या कार्यालयातल्या बाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. आजोबांना साक्षीला बोलावलं होतं. ढब्बूसोबत ताईही आली होती. खिळ्याचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून उभे होते. बाई काही विचारणार तेवढ्यात खिळा पुढे झाला. तो म्हणाला की आधी गाडी तपासा, मग बाबांना विचारा. आजोबा म्हणाले, “पोरगा म्हणतोय ते होऊ द्या.” बाईंनी मान डोलावली.

ढब्बूनं तारा लावल्या. ड्रायव्हरकाकांनी इंजिन सुरू केलं. मीटरवर आकडा सरसर चढला आणि चौदावर जाऊन थांबला.

चौदा! ढब्बूनं मीटर हलवून पाहिला. चौदाच.

“म्हणजे गाडी ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या आणि खिळ्याच्या बाबांकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं आहे?”

खिळ्याच्या बाबांनी मान खाली घातली. ते बोलणार होते. त्यांचे ओठ उघडलेसुद्धा.

“थांबा,” शंका म्हणाली. तिनं ड्रायव्हरकाकांना इंजिन बंद करून फक्त किल्ली फिरवायला सांगितलं. पट्टीवर सगळे दिवे लागले, आणि त्यांच्यात छोट्या बॅटरीच्या चित्राचा लाल दिवाही लागला. काल संध्याकाळी तिथे काळोख होता. आणि हे काल रात्री तिनं फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

तिनं मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होता.

“हा बल्ब काढून परत गाडी सुरू करा,” शंका म्हणाली. “मग बघा.”

ताईनं बल्ब काढला. तोच मीटर, तेच इंजिन. सव्वाबारा. दिवे लावल्यावर बारा, आणि खाली. बल्ब बसवून पुन्हा सुरू केलं, चौदा. पुन्हा काढला, सव्वाबारा. मिस्त्री गाडीखालून पूर्ण बाहेर आला. आजोबांनी घाटात पिवळ्याचे तांबूस झालेले दिवे कसे होते ते पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ते ऐकणाऱ्याला समजत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं चाललं होतं, हेही अंगणातल्या प्रत्येकाला समजलं.

“बल्ब कुणी काढला होता?” बाईंनी विचारलं.

शंकाला वाटलं, आता मलाच बोलावं लागणार. तिनं तोंड उघडलं. पण मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना काळं लागलेलं होतं.

“मी,” मामा म्हणाला. “तपासणीसाठी काढला. त्यानं असं होईल हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण काल रात्री माहीत झालं. आणि मी गुपचूप येऊन नवा बसवला. ते मात्र माहीत असून केलं.”

 सगळे खिळ्याच्या बाबांकडे बघायला लागले. सगळ्यांना वाटलं, ते मामावर धावून जातील, निदान चार शब्द तरी सुनावतील. पण मामा तिथे आहे हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

“म्हणजे दिव्यानं काही झालं नाही?” त्यांनी विचारलं. “मी... मागचा दिवा...”

“मागचा दिवा रात्रभर लागला असता, तर ती दणक्यात सुरूच झाली नसती, काका,” ढब्बू म्हणाला. “तुम्ही बंद केला होता. रोज करता तसाच.”

ते गाडीच्या पायरीवर बसले आणि तोंड हातांत धरून मोठ्यानं रडले, मुलांसमोर, साहेबबाईंसमोर. आजोबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोन म्हातारी माणसं बसावीत तसे दोघं बसून राहिले, आणि खिळ्याचे बाबा काही म्हातारे नव्हते.

जाण्यापूर्वी बाईंनी तिघांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. यापुढे बॅटरी बदलण्याआधी ती का उतरली हे तपासायचं, आणि किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो की नाही हे रोज पाहायचं, असं त्यांनी केंद्राला बजावलं. मिस्त्रीनं ढब्बूच्या मीटरला मनापासून नमस्कार केला. आजोबांनी ग्रंथालयाची किल्ली खिळ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “सुट्टीभर तुम्ही उघडा. तिला कुलूप आवडायचं नाही.”

एवढं कौतुक झालं, पण परत येताना तिघांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. ग्रंथालयातल्या बाई वाचल्या असत्या का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मामाला त्या जागेवरून हटवलं. घरी तो शंकाशी बोलेना आणि शंकालाही काय बोलावं ते सुचेना. एकदा तो परसात तिच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “बरं केलंस.” आणि उठून गेला.

चौकशी झाली त्या दिवशी मात्र खिळ्याच्या आईनं शंका आणि ढब्बूला जेवायला ठेवून घेतलं. ढब्बूनं इतक्यांदा वाढून घेतलं की सगळे हसले, खिळ्याचे बाबासुद्धा. जेवणं झाली. मंडळी बाहेरच्या खोलीकडे निघाली. बाबा सगळ्यांत मागे होते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण बंद केलं.

खिळा दारात थांबून बघत होता. बाबा दोन पावलं पुढे आले. तिथे थांबले. खिळ्याची आई थांबली, खिळा थांबला.

मग बाबा पुढे चालत आले आणि शंकाला म्हणाले, “काय गं, त्या तराफ्याचं काय झालं तुमच्या?”